जिना बाहेरून हवा

पुण्यात कर्वेनगर, वारजे किंवा सहकारनगरच्या जुन्या गल्ल्यांतून चालत गेलात, तर बऱ्याच दुमजली घरांना एक अरुंद जिना दिसतो. तो दिवाणखान्यातून वर जात नाही. फाटकातून आत शिरलं की डावीकडून किंवा उजवीकडून भिंतीला चिकटून थेट वरच्या मजल्यावर चढतो. घर बांधणाऱ्याने भाडेकरूचा विचार पाया खणतानाच केला होता, हे त्या जिन्यावरून कळतं. स्वतः खाली राहायचं, वरचा मजला भाड्याने द्यायचा आणि त्या पैशांतून घराला हातभार लावायचा, असा तो हिशेब असे.

आज पस्तिशीच्या आसपासची बरीच जोडपी पुन्हा तोच हिशेब मांडताना दिसतात. पहिलंच घर असं घ्यायचं की निम्म्यात आपण राहू आणि निम्मं भाड्याने देऊ. कल्पना चांगली आहे. मात्र तिच्याकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे आधी ठरवलेलं बरं.

वाड्यापासून चालत आलेली गोष्ट

यात नवं काही नाही. पुण्या-नाशिकचे वाडे असेच चालत. मालक दर्शनी भागात राहायचा, चौकाभोवतीच्या खोल्यांत बिऱ्हाडं असायची, नळ एक आणि भांडणं अनेक. हे गणित मोडलं ते १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. त्यात प्रमाण भाड्याची गाठ १ सप्टेंबर १९४० रोजी असलेल्या भाड्याशी बांधली गेली. महागाई वाढत गेली, भाडं होतं तिथेच राहिलं. दुरुस्ती परवडेना म्हणून मालकांनी हात आखडते घेतले, आणि घर सोडलं तर दुसरीकडे पागडी मोजावी लागेल म्हणून भाडेकरू जागचे हलले नाहीत. वाडे पडत गेले. 'भाडेकरू ठेवला की घर गेलं' ही मराठी मध्यमवर्गाच्या मनातली भीती तिथली आहे.

तो कायदा आता नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्यातली 'लिव्ह अँड लायसन्स'ची तरतूद ही भीती बरीच कमी करते. तिच्याकडे पुढे येऊ.

भाड्यात हप्ता बसतो का?

नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण समाजमाध्यमांवरचे अमेरिकेतले व्हिडिओ पाहून बरेच जण नेमकी हीच अपेक्षा घेऊन निघतात. तिथे सरकारी हमीच्या एफएचए कर्जावर साडेतीन टक्के रक्कम भरून चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत घेता येते, मुख्य अट ही की मालकाने त्यातल्या एका बिऱ्हाडात स्वतः किमान वर्षभर राहावं. तीन भाडी मिळून हप्ता निघण्याची शक्यता तिथे असते. आपल्याकडे घरांच्या किमती आणि भाडी यांचं प्रमाणच वेगळं आहे.

उदाहरणच घेऊ. एखाद्या मध्यम शहरात ५० लाखांचं दुमजली रो हाऊस घेतलं. कर्ज ४० लाख, मुदत वीस वर्षं, व्याज साडेआठ टक्के. हप्ता येतो साधारण ३४,७०० रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३०० रुपये निव्वळ व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम ६,४००. वरच्या मजल्याला भाडं ९,००० धरू. वर्षातला एक महिना जागा रिकामी राहील असं समजून चालायचं. आणखी एका महिन्याचं भाडं रंग, नळ, गळती यांत जाईल. हातात उरले वर्षाला ९०,०००, म्हणजे महिन्याला ७,५००. हप्त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा.

हा आकडा पाहून काही जण इथेच थांबतात. थांबू नका, पण दुसरी बाजूही मांडा. सध्या तुम्ही स्वतः १०,००० रुपये भाडं भरत असाल तर ते वाचलं. वाचलेले दहा आणि मिळालेले साडेसात मिळून साडेसतरा हजार, म्हणजे हप्त्याचा निम्मा भार उतरला. उरलेला निम्मा मात्र पगारातूनच जाणार. दरवर्षी पाच टक्के वाढ मिळत गेली तर ९,००० चं भाडं दहा वर्षांनी १४,६०० च्या घरात जातं. हप्ता तसा दरवर्षी चढत नाही, पण तरत्या व्याजदराचं कर्ज असेल तर तोही अगदी स्थिर नसतो. भाड्याची खरी मदत म्हणूनच सहाव्या-सातव्या वर्षानंतर जाणवू लागते. पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीचीच.

माझा नियम सोपा आहे. वरचा मजला सलग सहा महिने रिकामा राहिला तरी हप्ता चुकणार नाही, अशा किमतीचंच घर घ्यावं. भाडं धरून हप्ता बसवणाऱ्याला रिकाम्या जागेची भीती वाटते, आणि भीतीपोटी निवडलेला भाडेकरू बहुतेक वेळा चुकीचाच निघतो.

हाताशी किती रक्कम हवी

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ही मर्यादा ८० टक्के आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के आहे. एवढ्या किमतीच्या घरात मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या हिशेबात धरत नाहीत, तो खिशातूनच करावा लागतो.

म्हणजे आपल्या ५० लाखांच्या घराला स्वतःचे १० लाख. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के आहे, मुंबईत ६. इथे ६ धरलं तरी ३ लाख होतात. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. वकील, एजंट, बँकेचं शुल्क आणि वरच्या मजल्याची डागडुजी मिळून आणखी लाख-सव्वा लाख सहज जातात. साडेचौदा लाख हाती असल्याशिवाय विसार पावती करू नये.

खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पती-पत्नी दोघांची नावं घातली की ती जाते. ५० लाखांवर हे ५०,००० रुपये होतात, त्यामुळे खरेदीखतावर कोणाची नावं घालायची याचा विचार आधी करा.

आणखी एक बाब बहुतेकांना ऐन वेळी कळते. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विकणाऱ्याला पैसे देताना त्यातला १ टक्का कर कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणारा परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळा आणि कपात बरीच मोठी. तिथे सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घर बघताना

आता त्या जिन्याकडे वळू. वर जायचा रस्ता आपल्या दिवाणखान्यातून जात असेल तर ते घर दोन कुटुंबांचं नाही, किती का खोल्या असेनात. भाडेकरूचा पाहुणा रात्री साडेअकराला येणार आणि तुम्ही कडी काढायला उठणार, असं तीन महिने झालं की भाडं नको पण माणूस आवर असं होतं. बाहेरून जिना काढायला जागा आहे का, बाजूला मोकळ्या सोडायच्या अंतरात अतिक्रमण न करता तो निघतो का, हे मोजपट्टी घेऊन पाहा.

दुसरी गोष्ट वीज. दोन्ही मजले एकाच मीटरवर असतील तर वापर एकत्र मोजला जातो, आणि महावितरणच्या घरगुती दराची पायरी १०० युनिटांनंतर एकदम उंच होते. मग दोन कुटुंबांचं मिळून आलेलं बिल कोणी किती भरायचं, हा दरमहा वाद. सब-मीटरने हिशेब सुटतो, पण पायरी तीच राहते. वरच्या मजल्याला महावितरणचा स्वतंत्र मीटर घेणं उत्तम.

पाण्याचं तसंच. टाकी एक, मोटार एक आणि मोटारीचं बटण कोणाच्या ताब्यात, यावरून जेवढी मनं दुखावली आहेत तेवढी भाड्यावरून नसतील. वर स्वतंत्र टाकी बसवता येईल का ते पाहा. संडास-बाथरूमच्या फरशीखालून गळती आहे का, हे पाहण्यासाठी खालच्या खोलीच्या छताकडे बघा. रंग ताजा असेल तर जास्तच बारकाईने बघा.

मग गाडी. दोन दुचाकी आणि एक चारचाकी आत बसत नसेल तर चांगले भाडेकरू वरची जागा न बघताच परत जातात.

परिसराचंही गणित असतं. कॉलेज किंवा क्लासजवळ 'कॉट बेसिस'वर मुलं ठेवता येतात. लातूरमध्ये वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीला आलेल्या विद्यार्थ्यांच्या भाड्यावर वस्त्याच्या वस्त्या चालतात. त्यात कुटुंबापेक्षा जास्त पैसे मिळतात, पण सुट्टीत जागा रिकामी राहते आणि दरवर्षी नळ-दारं-गाद्या नव्याने बघाव्या लागतात. तुम्ही स्वतः खाली राहणार आहात आणि घरात दहावीचं मूल आहे, तर मी कुटुंबच पसंत करीन.

वरचा मजला कागदावर आहे का?

खरी फसगत इथे होते. मूळ परवानगी तळमजल्याची असते, वरचा मजला मागाहून 'चढवलेला' असतो. विकणारा दोन्हींची किंमत घेतो, बँक मात्र मंजूर नकाशाला कर्ज देते, उभ्या भिंतींना नाही. बेकायदा बांधकामावर महापालिका दंड म्हणून शास्ती कर लावू शकते. पिंपरी-चिंचवडकरांना हा शब्द समजावून सांगायला नको. तो कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होतही नाही.

तेव्हा मागायचे कागद असे: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, बिगरशेती आदेश आणि वकिलाने काढलेला किमान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. जागा गुंठेवारीतली असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ती नियमित झाल्याचं प्रमाणपत्र प्रत्यक्ष बघा. 'अर्ज केलाय, होऊन जाईल' या वाक्यावर पैसे देऊ नका. नवं बांधकाम महारेराकडे नोंदलेलं असेल, तर नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही.

स्वस्तात मिळणारं पण आत जुना भाडेकरू असलेलं घर हा निराळाच प्रकार. विकणारा म्हणतो, 'म्हातारे आहेत, जातील.' भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षण असलेल्या अशा भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढवता येतं, आणि जागा रिकामी करून घ्यायला कायद्यात दिलेली कारणं कोर्टात सिद्ध करावी लागतात. पहिलंच घर घेणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

'कूळ लागेल' ही भीती

वडीलधाऱ्यांशी हा विषय काढला की ते म्हणतात, 'सांभाळ, कूळ लागेल.' कूळ हा शब्द शेतजमिनीच्या १९४८ च्या कूळ कायद्यातला. घराच्या भाडेकरूशी त्याचा संबंध नाही. 'लिव्ह अँड लायसन्स' करारात तर भाडेकरूला जागेत हक्कच निर्माण होत नाही, ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी मिळते. मुदत संपल्यावर त्याने जागा सोडली नाही, तर १९९९ च्या कायद्यातल्या कलम २४ नुसार घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि जागा न सोडणाऱ्याला त्या जादा काळाची भरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने द्यावी लागते. दिवाणी दाव्याची वर्षानुवर्षांची वाट टळते ती यामुळेच.

मात्र हे संरक्षण लेखी कराराला आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करायचा भार आपल्यावर येतो. इतर बऱ्याच राज्यांत वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही म्हणून ११ महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणणारे एजंट हे सांगत नाहीत.

आणि वाचवायचे पैसे तरी किती? ९,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट आणि २४ महिन्यांचा करार धरा. एकूण भाडं २,१६,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी दोन वर्षांचं मानीव व्याज ६,०००. या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सहाशे रुपयांपर्यंत, आणि शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. नोंदणी आता आधारच्या ठशांवर घरबसल्या होते. दोन वर्षांच्या निश्चिंतीला एका हॉटेलच्या जेवणाएवढा खर्च.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायचे आदेश बहुतेक शहरांत असतात आणि ती ऑनलाइन देता येते. डिपॉझिट परत कधी, रंगाचा खर्च कोणाचा, सोडण्याआधी किती दिवसांची नोटीस, वरच्या गच्चीवर कोणाचा हक्क, हे चार मुद्दे करारात स्पष्ट लिहा. पापड वाळत घालायच्या दिवसांत गच्चीचा मुद्दा आठवेल.

सोसायटीत असेल तर

शेजारचा छोटा फ्लॅटही घेऊन तो भाड्याने देणारे लोक आहेत. तिथे सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नको, असा राज्य सरकारचा २००१ पासूनचा आदेश आहे. बाकी सोसायटीच्या सभेत काय होतं ते वाचकांना ठाऊक आहे.

करांचा हिशेब

वरच्या मजल्याचं भाडं हे तुमचं उत्पन्न आहे. त्यातून त्या भागाचा मालमत्ता कर वजा करायचा, उरलेल्या रकमेवर दुरुस्तीबिरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि शिवाय त्या भागाच्या वाट्याचं कर्जाचं व्याजही वजा होतं. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज सुमारे ३,३७,०००, त्यातलं निम्मं वरच्या मजल्याचं. भाडं ९९,०००, मालमत्ता कर ४,००० धरला, तर ३० टक्के वजावटीनंतर उरतात ६६,५००. व्याज त्याहून लाखभर जास्त, म्हणजे कागदावर तोटा. भाड्यावर कर पडत नाही, ही चांगली बातमी.

हा तोटा पगारातून वजा करता येईल का, हे तुमच्या करप्रणालीवर ठरतं. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत करता येतो. नव्या प्रणालीत येत नाही, आणि स्वतः राहता त्या तळमजल्याच्या व्याजाची वजावटही नाही. २०२३-२४ पासून काही न सांगितल्यास नवी प्रणालीच लागू होते. 'घरकर्ज घेतलं की टॅक्स वाचतो' हे वडिलांच्या पिढीचं वाक्य म्हणून आता तपासूनच वापरावं लागतं.

पुण्यात आणखी एक बारकावा. महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते. भाड्याने दिलेल्या भागाला ती नाही. भाडं ठरवताना हा फरक धरा.

काका-काकू होण्याआधी

भाडेकरू पहिल्या आठवड्यात 'काका', 'काकू' म्हणू लागतात. खालून वाटीभर आमटी वर जाते, वरून बेसनाचे लाडू खाली येतात. छान असतं ते. पण तिसऱ्या महिन्यात भाडं आठ तारखेपर्यंत आलं नाही की त्याच काकूंना जिना चढून पैसे मागता येत नाहीत. त्यावर उपाय एकच: भाडं पहिल्या महिन्यापासून बँकेत ठरलेल्या तारखेला आपोआप जमा व्हायची सोय करून घ्या. रोख घेऊच नका. आमटी चालू ठेवा.

भाडेकरू निवडताना आडनाव विचारून दार लावणारे मालक अजून आहेत आणि त्यांना त्यात काही वावगंही वाटत नाही. विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: नोकरी कुठे, आधीच्या मालकाचा फोन नंबर काय, किती माणसं राहणार. आधीच्या मालकाला केलेला दोन मिनिटांचा फोन कुंडली जुळवण्यापेक्षा जास्त सांगतो.

आणि रात्री दहानंतर वर पाट्यावर चटणी वाटली जाते किंवा मूल धावतं, तेव्हा छताकडे बघून उसासे टाकू नका. स्लॅब एक आहे. तो आवाज भाड्याच्या रकमेत धरलेला असतो. सहन होणार नसेल तर भाडेकरूला खाली ठेवा आणि तुम्ही वर राहायला जा. तळमजल्याला भाडंही थोडं जास्त मिळतं.